सात महिन्यांचा जगज्जेता

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एक अट घातली. शाळेच्या आठवणी पुष्कळ जमल्या आहेत, तू इतिहासातले काहीतरी दे. मला ती अट सोयीची वाटली. इतिहास म्हटले की आपल्याकडे शिवकाल नाहीतर पेशवाई असे धरूनच चालतात. पण आपण दहावीत होतो ते १९७८-७९ साल आता चाळीस वर्षांहून जुने झाले, म्हणजे तेही इतिहासातच जमा. त्या सालातल्या एका मुष्टियुद्धाबद्दल लिहितो. मारामारीचा विषय स्मरणिकेत कशाला, असे ज्या बाईंना आणि सरांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा. हा विषय मारामारीपेक्षा अभ्यासाचा जास्त आहे.

१९७८ च्या सप्टेंबरात, आपल्याकडे गणेशोत्सवाचे शेवटचे दिवस चालू असताना, बातमी आली की महंमद अली तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. हेवीवेट गटात तोवर हे कोणालाच साधले नव्हते. अलीचे भक्त आपल्या वर्गात कमी नव्हते. दूरचित्रवाणी गावात नव्हतीच. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरचा धूसर फोटो कापून वहीला चिकटवण्यावर भक्ती चालायची. अली जिंकला एवढे सगळ्यांना ठाऊक होते. हरला कोण, हे विचारले असते तर निम्म्यांना नाव सांगता आले नसते.

हरलेल्याचे नाव लिऑन स्पिंक्स. वय २५. सात महिन्यांपूर्वी याच माणसाने याच अलीला हरवून जगज्जेतेपद घेतले होते. रिंगमध्ये, समोरासमोर, अलीकडून ते पद हिसकावून घेणारा तोवर तो एकटाच. १९६७ साली व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्यावर अलीचे पद काढून घेतले गेले, पण ते कागदावर. ठोसे मारून कोणी घेतले नव्हते. असा माणूस सात महिन्यांत खाली कसा आला, हे मला बरीच वर्षे छळणारे कोडे आहे. "डोक्यात हवा गेली, उतला-मातला," हे त्याचे ठराविक उत्तर. ते खोटे नाही, पण फार आखूड आहे.

स्पिंक्स वाढला अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात, प्रुइट-आयगो नावाच्या सरकारी वसाहतीत. अकरा-अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, १९५० च्या दशकात मोठ्या आशेने गरिबांसाठी बांधलेल्या. पंधरा-वीस वर्षांत तिथे इतकी दैना झाली की १९७२ पासून सरकारनेच त्या सुरुंग लावून पाडायला घेतल्या. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती वसाहत अजून फसलेल्या नियोजनाचा नमुना म्हणून शिकवतात. तिथून उठून हा मुलगा मरीन दलात गेला, तिथे मुष्टियुद्ध खेळला आणि १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये लाइट हेवीवेट गटाचे सुवर्णपदक घेऊन आला. धाकटा भाऊ मायकेल याने त्याच स्पर्धेत मिडलवेटचे सुवर्ण जिंकले. एका घरात एकाच वेळी दोन सुवर्णपदके. मायकेलला विसरू नका, तो पुढे पुन्हा येणार आहे.

१९७७ च्या जानेवारीत लिऑन व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. वर्षभरात सात लढती, त्यांत सहा विजय आणि एक बरोबरी. आठवी लढत थेट अलीशी! आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर तालमीत नुकताच उतरलेल्या पोराला वस्तादाने एकदम हिंदकेसरीसमोर उभे करावे, तसे. अलीच्या बाजूने विचार केला तर निवड सोयीची होती. त्याचे वय ३६. आदल्याच सप्टेंबरात अर्नी शेव्हर्स नावाच्या भयंकर ठोसेबाजाशी पंधरा फेऱ्या खेळून तो कसाबसा सुटला होता आणि त्या लढतीनंतर त्याचे वर्षानुवर्षांचे डॉक्टर फर्डी पाचेको त्याला सोडून गेले होते. अलीच्या मूत्रपिंडांना इजा होते आहे, आता हे थांबवा, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते कोणी ऐकत नव्हते. अशा थकलेल्या माणसाला मधे एक सोपा पेपर हवा होता. ऑलिंपिक विजेता असल्यामुळे नाव बरे, अनुभव कमी, तिकिटे खपतील.

१५ फेब्रुवारी १९७८, लास व्हेगासचे हिल्टन हॉटेल. अलीने तयारी केली नव्हती असे म्हणणे थोडे अन्यायाचे होईल. त्याने ती अर्धी केली होती. सराव कमी, वजन सुमारे १०२ किलो. तुलनेने स्पिंक्स ९० किलोच्याही आत. जुनी युक्ती वापरून अली सुरुवातीच्या फेऱ्यांत दोरांना टेकून उभा राहिला. पोरगे ठोसे मारून दमेल, मग शेवटी आपण उरकू, हा हिशेब. १९७४ साली किन्शासामध्ये जॉर्ज फोरमनविरुद्ध तो जमला होता. इथे पोरगे दमलेच नाही. गुण हातचे गेले, अलीला जाग आली तेव्हा उशीर झाला होता. पंधरावी फेरी मात्र विलक्षण होती. दोघेही बचाव सोडून शेवटच्या घंटेपर्यंत एकमेकांवर तुटून पडले. दोन परीक्षकांनी स्पिंक्सला कौल दिला, एकाने अलीला. समोरचे दात पडलेल्या स्पिंक्सचे ते मोकळे हसू दुसऱ्या दिवशी जगभर छापून आले.

अलीने निकालाबद्दल रडगाणे गायले नाही. आपण वाईट खेळलो, पोरगा चांगला खेळला, हे त्याने कबूल केले. स्पिंक्सही त्या दिवसांत नम्रच बोलत होता. सर्वश्रेष्ठ अलीच, मी आपला फक्त सध्याचा, अशा अर्थाचे त्याचे बोलणे इंग्रजीत यमक जुळवून प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा हवा गेली म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

माझ्या मते सगळी मेख या पहिल्या लढतीच्या वाचनात आहे. एकाच निकालाचे दोन जणांनी दोन अर्थ लावले. अलीने तो असा वाचला: मी तयारी न करता हरलो, म्हणजे तयारी केली तर जिंकेन. स्पिंक्सने असा: मी अलीला हरवले. तो हरवला होता अर्धवट तयारीच्या अलीला, पण हे त्याला कोण सांगणार? परीक्षेत पेपर सोपा आल्यामुळे पहिला आलेल्या मुलाला ते सांगायचे धाडस घरात कोणी करत नाही. आपल्या शिक्षकांनी असे पहिले नंबर सहामाहीत पाहिले आहेत आणि तेच वार्षिक परीक्षेत कुठे गेले हेही पाहिले आहे.

आता मधले सात महिने. महिनाभरातच पदाचे दोन तुकडे झाले. जागतिक मुष्टियुद्ध परिषद या संघटनेचे म्हणणे होते की नव्या विजेत्याने आधी केन नॉर्टनशी लढावे. अलीशी फेरलढत म्हणजे पैशांची रास. स्पिंक्सच्या माणसांनी ती निवडली. परिषदेने मार्चमध्ये त्याचे पद काढून नॉर्टनला दिले. स्पिंक्सकडे उरले दुसऱ्या संघटनेचे पद. म्हणजे ज्या पदासाठी तो प्रुइट-आयगोतून निघाला होता त्यातले अर्धे त्याने एकही ठोसा न खाता घालवले. त्याने घालवले की त्याच्या सल्लागारांनी, हे ज्याने त्याने ठरवावे.

मग पोलीस. त्याच मार्चमध्ये सेंट लुईसमध्ये एकेरी मार्गावरून उलट्या दिशेने, परवाना नसताना गाडी चालवल्याबद्दल त्याला धरले. पुढे अमली पदार्थ बाळगल्यावरूनही अटक झाली. प्रमाण अगदी किरकोळ होते, पण बातमी किरकोळ नव्हती. आदल्या वर्षी ज्याला गल्लीबाहेर कोणी ओळखत नव्हते, त्याच्या मागे आता छायाचित्रकार धावत होते. पार्ट्या, जागरणे, दारू, आणि भोवती रोज वाढणारा गोतावळा. त्याला सांभाळायला एक अंगरक्षक ठेवला होता. लॉरेन्स टुरो त्याचे नाव. पुढे 'मिस्टर टी' या नावाने तो 'रॉकी ३' सिनेमात झळकला, तो हाच. अंगरक्षकाचे काम खरे तर बाहेरच्यांपासून वाचवण्याचे. इथे मालकालाच मालकापासून वाचवायचे होते.

गदा मिळालेला पैलवान गावात आला की त्याचे काय होते, हे आपल्या भागातल्या कोणालाही सांगायला नको. मिरवणूक निघते, फेटे बांधले जातात, प्रत्येक घरी जेवण होते. खुराक तोच राहतो, जोर-बैठका कमी होतात. त्यातून शहाणा वस्ताद त्याला ओढून परत मातीत नेतो. स्पिंक्सला वस्ताद होते, नव्हते असे नाही. अडचण अशी की ते एकाहून जास्त होते. मुख्य प्रशिक्षक सॅम सॉलोमन. पण फेब्रुवारीतल्या विजयात डोके चालले ते बरेचसे फिलाडेल्फियाच्या जॉर्ज बेंटनचे. बेंटन स्वतः जुना, कसलेला मुष्टियोद्धा. ठोसा कसा चुकवावा हे त्याच्याकडून शिकावे अशी त्याची ख्याती. या दोघांत शेवटचा शब्द कोणाचा, हे सात महिन्यांत कोणी ठरवले नाही.

तिकडे अली पेनसिल्व्हेनियातल्या डिअर लेकच्या आपल्या तळावर परतला होता. लाकडी खोपटी, मोठमोठे दगड आणि त्यांवर जुन्या मुष्टियोद्ध्यांची रंगवलेली नावे, असा तो डोंगरातला तळ. पहाटे उठून धावणे, पोटाचे व्यायाम, सरावाच्या लढती. ३६ व्या वर्षी हे सगळे किती जड जाते ते आपल्याला आता नीटच कळते. आपण साठीत बागेला चार फेऱ्या मारल्या तरी बाकावर बसायला जागा शोधतो. अलीकडे आता वेग नव्हता, ठोशात पूर्वीचा जोर नव्हता. पंधरा फेऱ्या पायांवर उभे राहण्याचा दम तेवढा कमावता येण्यासारखा होता. त्याने तेवढाच कमावला.

१५ सप्टेंबर १९७८, न्यू ऑर्लिन्सचे सुपरडोम. छताखालच्या त्या प्रचंड स्टेडियममध्ये ६३ हजारांहून जास्त प्रेक्षक. बंदिस्त जागेतल्या मुष्टियुद्धाला तोवर एवढी गर्दी झाली नव्हती. लढतीच्या आदल्या दिवसांत स्पिंक्स त्या शहरातल्या रात्रीच्या अड्ड्यांवर दिसत होता, असे तेव्हाच्या वार्ताहरांनी लिहून ठेवले आहे.

लढत पाहायला मुळीच रंगतदार नाही. मी तिचे चित्रण दोनदा पाहिले. दुसऱ्यांदा मुद्दाम फक्त स्पिंक्सकडे बघत. अली दोरांकडे जातच नाही. मधोमध उभा राहतो, डाव्या हाताचा जॅब, त्यामागे उजवा, आणि स्पिंक्स जवळ आला की त्याच्या मानेत हात घालून मिठी. पुन्हा दूर, पुन्हा जॅब, पुन्हा मिठी. मिठ्यांबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. एवढ्या साध्या डावाला उत्तर काय? मिठी सोडवून पोटावर मारणे, कोपऱ्यात ढकलणे, गती वाढवणे. फेब्रुवारीतला स्पिंक्स हेच तर करत होता. सप्टेंबरातला स्पिंक्स अलीच्या मागे मागे चालतो, ठोसा मारू की नको या विचारात उभा राहतो, आणि तोवर जॅब येऊन लागतो. भीती त्याच्या चेहऱ्यावर कुठेही दिसत नाही. पुढे काय करायचे ते माहीत नसलेला माणूस दिसतो.

ते त्याला सांगायचे कोणी? दोन फेऱ्यांच्या मधे एक मिनिट मिळते. त्यात पाणी, श्वास आणि एखादी सूचना. स्पिंक्सच्या कोपऱ्यात प्रशिक्षकांनी आळीपाळीने सूचना द्यायच्या असा काहीतरी अजब बेत होता. शिवाय खालून इतरांचा आरडाओरडा. जॉर्ज बेंटन हे पाहून इतका वैतागला की लढत चालू असतानाच कोपरा सोडून निघून गेला. ज्याच्याकडे फेब्रुवारीच्या कुलपाची किल्ली होती, तो माणूस त्या गर्दीतून बाहेर चालत गेला, आणि रिंगमध्ये पोरगे एकटे राहिले. पुढे याच बेंटनने इव्हँडर होलीफिल्डसारखे जगज्जेते घडवले. तेव्हा अक्कल कोपऱ्यात हजर होती, तिला बोलायला जागा नव्हती, असे म्हणावे लागते.

तिन्ही निकाल अलीच्या बाजूने, पंधरापैकी दहा-दहा आणि अकरा फेऱ्या त्याला. चुरस नव्हतीच.

इथे एका आकड्याकडे लक्ष वेधतो. फेब्रुवारीत स्पिंक्सचे वजन साधारण १९७ पौंड होते, सप्टेंबरात २०१. चार पौंडांचा फरक, म्हणजे दोन किलोही नाही. अलीही जेमतेम दीड किलोने उतरला होता. वजनकाट्याला विचारले तर तो म्हणेल, दोघेही होते तसेच आहेत. तयारी कमी पडली म्हणजे पोट सुटले, असे आपण समजतो; पण स्पिंक्सची कमतरता काट्यावर उमटणारी नव्हती. त्याला नवे काही शिकवलेच गेले नव्हते. समोरचा या वेळी वेगळा खेळेल, हा विचार त्याच्या गोटात कोणी केला नव्हता. फेब्रुवारीच्या पेपराची उत्तरे पाठ करून तो सप्टेंबरच्या परीक्षेला बसला.

काट्यावर उमटणारी उदाहरणेही आहेत, आणि त्यातले एक अगदी अलीकडचे. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी रुइझ या गोलमटोल मुष्टियोद्ध्याने, आयत्या वेळी बदली म्हणून येऊन, अँथनी जोशुआला सातव्या फेरीत लोळवले. सगळ्या जगाला धक्का. ७ डिसेंबरला सौदी अरेबियात फेरलढत झाली तेव्हा २६८ पौंडांचा रुइझ २८३ च्या पुढे गेला होता, आणि जोशुआ मुद्दाम दहा पौंडांनी हलका होऊन आला होता. जोशुआ बारा फेऱ्या दुरूनच खेळला आणि आरामात जिंकला. पार्ट्यांमध्ये महिने गेले, नीट सराव केला नाही, हे रुइझने नंतर स्वतःच सांगितले. त्या दिवशी आपल्या व्हॉट्सअॅप गटावर त्याच्या पोटावरून बरेच विनोद फिरले. मला तेव्हा स्पिंक्स आठवत होता. पहिल्या लढतीत जोशुआ गाफील, दुसऱ्यात रुइझ. १९७८ चीच गोष्ट, फक्त माणसे आणि वाळवंट बदललेले.

अलीबद्दल थोडे सांगितले नाही तर वर्गातले त्याचे भक्त मला सोडणार नाहीत. १९७९ साली त्याने निवृत्ती जाहीर केली. १९८० च्या सुरुवातीला तो भारतात येऊन गेला, मद्रासला प्रदर्शनीय लढतही खेळला. आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला. अंग एकदम सडपातळ, केस काळेभोर, बघणाऱ्यांना वाटले तरणा अली परत आला. ते वजन उतरवले होते थायरॉइडच्या गोळ्यांनी आणि सोबत ताकदही उतरली होती. दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर त्याच्या कोपऱ्याने लढत थांबवली. डिअर लेकच्या पहाटेंनी जे दिले ते गोळ्यांनी दिले नाही, आणि हे न्यू ऑर्लिन्स जिंकलेल्या माणसाला दोन वर्षांत विसरायला झाले. तेव्हा स्पिंक्सला हसताना जरा बेताने हसावे.

स्पिंक्सचे पुढे काय झाले ते भराभर सांगतो, कारण ते फारसे सुखाचे नाही. जून १९७९ मध्ये माँटे कार्लोत गेरी कोट्झीने त्याला पहिल्याच फेरीत तीनदा पाडले. १९८१ मध्ये होम्सने तिसऱ्या फेरीत संपवले. नंतर लहानसहान लढती १९९५ पर्यंत चालूच राहिल्या. मिळालेला पैसा टिकला नाही. पुढे नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या शहरात तो वायएमसीएच्या इमारतीत साफसफाईचे काम करत होता, आणि तिथल्या लोकांना तो आवडायचा. मुलगा कोरी २००३ साली वेल्टरवेट जगज्जेता झाला. लिऑन स्पिंक्स ५ फेब्रुवारी २०२१ रोजी गेला. बहुतेक मृत्युलेखांच्या पहिल्याच वाक्यात अलीचे नाव होते.

आणि मायकेल. धाकट्या स्पिंक्सने घाई केली नाही. १९८१ साली तो लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि चार वर्षे त्याच गटात पाय रोवून राहिला. प्रशिक्षक एकच, एडी फच. १९८५ मध्ये होम्सशी लढायचे ठरल्यावर त्याने वजन वाढवण्यासाठी न्यू ऑर्लिन्सच्याच मॅकी शिलस्टोन नावाच्या शरीरशास्त्राच्या जाणकाराला सोबत घेतले. नेमके काय खायचे, किती धावायचे, सगळे मोजून. सप्टेंबर १९८५ मध्ये त्याने होम्सला हरवले आणि दोघा भावांनी हेवीवेटचे जगज्जेतेपद मिळवल्याचा पहिला प्रसंग नोंदला गेला. होम्सने फेरलढत मागितली. ती १९ एप्रिल १९८६ रोजी झाली, लास व्हेगासच्या त्याच हिल्टनमध्ये, जिथे आठ वर्षांपूर्वी लिऑनने अलीला हरवले होते. लढत अटीतटीची झाली, निकाल आजही वादात आहे, पण दोन विरुद्ध एक अशा मतांनी मायकेलने पद राखले. त्याच्या चारच आठवडे आधी, त्याच नेव्हाडा राज्यात रीनो इथे, लिऑन आणखी एका जगज्जेतेपदासाठी उतरला होता. सहाव्या फेरीत पंचांनी ती लढत थांबवली.